दाराशी ठरणारा भाव: आफ्रिका खंडाच्या दक्षिणेतल्या शेळीबाजारामागचा इतिहास

झिम्बाब्वेच्या दक्षिणेला, बुलावायोहून बाइटब्रिजकडे जाणाऱ्या रस्त्यावर सुमारे सव्वाशे किलोमीटरवर ग्वांडा लागतं. पाऊस वर्षाला ५०० मिलिमीटरच्याही आत. मका पेरायचा आणि आभाळाकडे बघत बसायचं. इथलं घर तरतं ते शेळ्यांवर. झिम्बाब्वेतल्या जवळजवळ सगळ्या शेळ्या अशाच लहान शेतकऱ्यांच्या दावणीला आहेत, आणि त्यांतल्या पुष्कळ बायकांच्या मालकीच्या.

तरीही या शेळीला कित्येक वर्षं बाजार असा नव्हताच. विक्री व्हायची ती दाराशी. ऑगस्ट-सप्टेंबर म्हणजे तिथला कोरडा काळ. कणगीतला मका संपत आलेला, चारा गेलेला, जनावरं हडकलेली. नेमका तेव्हाच व्यापारी गावात येतो. तो शेळीच्या कमरेवर हात दाबून मांस चाचपतो, दात बघतो आणि एकच आकडा सांगतो. वजनकाटा नाही. शेजारच्या गावात कालच काय भाव निघाला, हे विकणारीला कळायला मार्ग नाही. कधी पैशांऐवजी मक्याच्या पिठाचं पोतं किंवा कपडे पुढे होतात. घरात आजारी माणूस असेल किंवा जानेवारीत पोरांची फी भरायची असेल, तर ती देऊनच टाकते. हे सगळं व्यापाऱ्याच्या लबाडीवर ढकलून चालणार नाही. दोन-चार शेळ्यांसाठी खडबडीत रस्त्याने गाडी आणायची, परवाने काढायचे, वाटेत जनावर दगावलं तर नुकसान सोसायचं, हा सगळा खर्च तोही शेळीच्याच भावातून कापून घेतो.

या अवस्थेचं मूळ वसाहतकाळात आहे. १९३० च्या जमीनवाटप कायद्याने चांगली, पाण्याची जमीन गोऱ्या शेतकऱ्यांकडे गेली आणि आफ्रिकी कुटुंबांना कोरड्या राखीव पट्ट्यांत ढकललं गेलं. १९३७ मध्ये सरकारने कोल्ड स्टोरेज कमिशन उभं केलं: कत्तलखाने, शीतगृहं, प्रतवारी, सगळं गोमांसासाठी. राखीव पट्ट्यांत माणसं आणि गुरं दाटली, माती वाहून जाऊ लागली, तेव्हा १९४१ च्या नैसर्गिक संपत्ती कायद्याचा आधार घेऊन गुरांची संख्या सक्तीने कमी करायला लावली. त्या विक्रीच्या आठवणी बऱ्याच घरांत कडवटच राहिल्या. शेळीच्या वाट्याला तेवढंही लक्ष आलं नाही. रान खाणारं, जमीन उघडी पाडणारं जनावर अशीच तिची नोंद सरकारदरबारी होत राहिली. ज्या कुटुंबांना कोरड्या जमिनीवर नेऊन बसवलं, त्यांना तगवणाऱ्या जनावरावरच जमीन बिघडवल्याचा ठपका आला, हा अन्याय मला आजही बोचतो.

१९८० मध्ये स्वातंत्र्य मिळालं, पण पशुधनाचं धोरण गुरांभोवतीच फिरत राहिलं. युरोपला गोमांस पाठवण्याचा कोटा मिळाला. लाळ्या-खुरकुतीला अडवण्यासाठी कुंपणं, लसी, तपासनाके असा मोठा व्याप उभा राहिला. मग १९९१-९२ चा भीषण दुष्काळ आला. दक्षिणेकडच्या जिल्ह्यांत गुरं मोठ्या संख्येने मेली. शेळ्या झुडपांचा पाला ओरबाडत गुरांपेक्षा बऱ्या तगल्या. शेतकऱ्यांना हे आधीपासून ठाऊक होतं. आता संशोधकांच्याही ध्यानात येऊ लागलं.

इथे एका ओळखीच्या संस्थेचं नाव येतं. इक्रिसॅट ही कोरडवाहू पिकांवर संशोधन करणारी आंतरराष्ट्रीय संस्था; तिचं मुख्यालय हैदराबादजवळ पटनचेरूला. ज्वारी, बाजरी, तूर, हरभरा, भुईमूग ही तिची पिकं आपल्याकडच्या कोरडवाहू शेतकऱ्याच्याही चांगल्या परिचयाची. तिचं एक केंद्र बुलावायोजवळ मातोपोसला आहे. शेळ्यांना जंत झाले तर औषध पाजा, गोठा कोरडा ठेवा, कोरड्या महिन्यांसाठी बाभळीच्या शेंगा गोळा करून ठेवा, असा सल्ला तिथले लोक देत होते. शेतकरी मान डोलवत आणि घरी जाऊन काहीच करत नसत. वर्षाकाठी चारातली एक शेळी मरत होती. हा आळस नव्हता, साधा हिशोब होता. जी शेळी दहा अमेरिकी डॉलरला जाणार, तिच्यावर दोन डॉलरचं औषध कोण खर्च करील?

२००७ च्या सुमारास या कामाचा क्रम उलटा झाला आणि या साऱ्या इतिहासातला सर्वांत मोलाचा भाग मला हाच वाटतो. आधी बाजार, मग औषध. शेतकरी, व्यापारी, खाटीक, जिल्हा परिषद, पशुवैद्यकीय खातं, पोलीस या सगळ्यांना एकत्र बसवून एकच प्रश्न ठेवला: शेळी विकताना अडतं कुठे? पोलीस आणि पशुवैद्य यांना बोलावण्याचं कारण साधं. झिम्बाब्वेत जनावर हलवायचं तर चोरीचं नाही असा पोलिसांचा दाखला लागतो आणि पशुवैद्यकीय परवानाही. हे दोन कागद दोन ठिकाणी, दोन दिवशी मिळणार असतील, तर एक शेळी घेऊन कोण निघेल? शेळ्यांचा लिलाव ठेवला आणि त्या दिवशी ही माणसं जनावरांच्या कठड्यापाशीच बसली की तो फेरा वाचतो.

मग ग्वांडात लिलावाचे कठडे उभे राहिले आणि दिवस ठरला. आपली शेळी पुढे आली की चार खरीदार एकमेकांवर बोली चढवतात आणि विकणारी ते समोर उभी राहून ऐकते. परिषदेलाही विक्रीवर शुल्क मिळू लागलं, त्यामुळे कठडे दुरुस्त ठेवण्यात तिचाही फायदा होता. इक्रिसॅटच्या नोंदींनुसार दहा डॉलरच्या आसपास जाणारी शेळी पुढे पन्नास-साठ डॉलरपर्यंत पोहोचली आणि पंचवीस टक्क्यांच्या घरातली मरतुक दहा टक्क्यांच्या खाली आली. औषध तेच होतं, शेंगाही त्याच होत्या. फरक इतकाच, की आता त्या गोळा करणं परवडत होतं. आणि हे घडलं ते चलन कोसळण्याच्या काळात. जानेवारी २००९ मध्ये झिम्बाब्वेने १०० लाख कोटी डॉलरची नोट काढली आणि काही आठवड्यांत देशाचा व्यवहार अमेरिकी डॉलरवर गेला. नोटा रद्दी होत असताना गोठ्यातल्या शेळीची किंमत शाबूत होती.

शेजारच्या मोझांबिकची कथा वेगळ्या जखमेतून सुरू होते. १९७५ मध्ये पोर्तुगीज गेले, १९७७ पासून यादवी पेटली आणि ती १९९२ च्या रोम कराराने थांबली. या काळात देशातली बहुतेक गुरं नाहीशी झाली. लोकांनी पुन्हा घर मांडलं ते बऱ्याचदा शेळ्यांपासून. इन्यांबाने प्रांतातल्या इन्यासोरो जिल्ह्यात २०११ ते २०१३ या काळात आंतरराष्ट्रीय पशुधन संशोधन संस्थेने शेळी मूल्यसाखळीचा, म्हणजे गोठ्यापासून गिऱ्हाइकापर्यंतच्या सगळ्या व्यवहाराचा, प्रकल्प चालवला. मोझांबिकमध्ये तिचा भागीदार होता केअर ही आंतरराष्ट्रीय मदतसंस्था आणि भारतात, राजस्थान व झारखंडसाठी, आपल्या पुण्याची बाएफ. १९६७ मध्ये मणिभाई देसाईंनी उरुळी कांचनला सुरू केलेली ही संस्था पशुसेवा शेतकऱ्याच्या दारापर्यंत नेण्यासाठी ओळखली जाते. इन्यासोरोतही गावातल्याच तरुणांना शिकवून प्राथमिक पशुसेवक केलं गेलं आणि सगळ्या घटकांच्या नियमित बैठका सुरू झाल्या. मुख्य अडचण मात्र अंतराची. मोठं गिऱ्हाईक मापुतोला, सातशे किलोमीटरहून दूर. ट्रक भरेल इतक्या शेळ्या एका दिवशी एका जागी जमल्याशिवाय तिथला व्यापारी फिरकत नाही, आणि एकेका घरात विकण्याजोगे बोकड असतात एक-दोन.

दक्षिण आफ्रिकेत तर चित्र आणखी निराळं. तिथल्या गोऱ्या शेतकऱ्यांनी ईस्टर्न केपमध्ये बोअर शेळी घडवली आणि १९५९ मध्ये तिच्या पैदासकारांची संघटना काढली. १९९० च्या दशकात ही जात फलटणच्या निंबकर संस्थेमार्फत आपल्याकडेही पोहोचली. दक्षिण आफ्रिकेच्या गावांतल्या देशी शेळीचं गिऱ्हाईक मात्र कसायाकडे नाही, घराघरात आहे. झुलू आणि खोसा कुटुंबांत पूर्वजांच्या विधीसाठी जिवंत शेळी लागते. बऱ्याचदा तिचा रंगही ठरलेला असतो आणि अशी शेळी मांसाच्या हिशोबापेक्षा महाग जाते. म्हणून तिथे केवळ आधुनिक कत्तलखाना बांधून लहान शेतकऱ्याचं भलं होत नाही, कारण कत्तलखान्याला परवडणारा भाव विधीच्या भावापुढे टिकत नाही. क्वाझुलू-नाताल प्रांतात म्सिंगासारख्या भागात दारोदार शेळ्या आहेत, तरी विधींसाठी नामिबियाहून ट्रक भरभरून शेळ्या येतात. ठरलेल्या दिवशी ठरलेली संख्या पुरवण्याची सोय नामिबियाच्या व्यापाऱ्याकडे आहे, म्सिंगाच्या आजीकडे नाही.

ग्वांडाच्या आसपासही हा तिढा पुरता सुटलेला नाही. २०१८ पासून गोचिडांच्या थैलेरिया आजाराने झिम्बाब्वेत लाखो गुरं गेली आणि शेळ्यांवरची भिस्त आणखी वाढली. ज्याच्याकडे विकायला दहा बोकड आहेत, तो लिलावाला पोहोचतो. एकच शेळी असलेल्या विधवेला तिला दिवसभर चालवत न्यायचं, भाव पडला तर तशीच परत आणायची आणि तोवर घर उघडं टाकायचं, हे जमत नाही. तिच्या अंगणात व्यापारी अजूनही स्वतःच येतो आणि शेळीच्या कमरेवर हात दाबून आकडा सांगतो.