रिकाम्या गोळीलाही पाच तारे
नाशिकला इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकवर रोज भेटणाऱ्या एका काकूंनी मागच्या महिन्यात वजन उतरवणाऱ्या कॅप्सूलची नवी डबी मला दाखवली. आत पत्त्याच्या पानाएवढे चकचकीत कार्ड होते : पाच तारे द्या, स्क्रीनशॉट व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा आणि दीडशे रुपये परत मिळवा. काकूंनी तारे देऊन टाकले होते, कॅप्सूल मात्र अजून एकही घेतली नव्हती. “सगळ्यांनी चांगलंच लिहिलंय की,” असे त्या म्हणाल्या. त्या सगळ्यांच्या डब्यांतही तेच कार्ड आले असेल, हे त्यांच्या ध्यानात आले नव्हते.

डबीत गार्सिनिया कंबोजियाचा अर्क होता. हे आपल्या कोकमाच्या कुळातले फळ, केरळात माशाच्या कालवणाला त्याच्या वाळवलेल्या सालीनेच आंबटपणा आणतात. सालीतले हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल शरीरात चरबी तयार करणाऱ्या एका विकराला (एन्झाइमला) अडवते, असे प्रयोगशाळेत दिसल्यामुळे या अर्काचा बोलबाला झाला. माणसांवर मात्र निराळेच दिसले. १९९८ साली अमेरिकन वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या चाचणीत जास्त वजनाच्या १३५ जणांपैकी काहींना हा अर्क आणि बाकीच्यांना तशीच दिसणारी, औषध नसलेली गोळी १२ आठवडे दिली गेली, आणि सर्वांनाच कमी उष्मांकाचा, भरपूर तंतुमय आहार सांगितला गेला. अर्क घेणाऱ्यांचे वजन सरासरी ३.२ किलोने घटले, तर रिकामी गोळी घेणाऱ्यांचे ४.१ किलोने, हा फरकही योगायोगाने पडू शकेल इतकाच होता.

मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हेच. त्या रिकाम्या गोळीवर कोणी अभिप्राय मागितला असता, तर चार किलो उतरलेल्या माणसाने अगदी प्रामाणिकपणे पाच तारे दिले असते. गुडघा सर्वाधिक ठणकतो त्याच आठवड्यात माणूस सांधेदुखीची पूड मागवतो, आणि पुढे दुखणे आपसूक ओसरले तरी श्रेय पुडीला जाते. तुलनेला दुसरा गट नसेल, तर खऱ्या अनुभवातूनही गुण कळत नाही. मग पैसे देऊन लिहवून घेतलेल्या अनुभवाची काय कथा!

याच अर्काच्या गोळ्या विकणाऱ्या ‘क्युअर एन्कॅप्सुलेशन्स’ या कंपनीवर ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेने २०१९ मध्ये कारवाई केली. सरासरी ४.३ ताऱ्यांच्या खाली येऊ नये म्हणून कंपनीने ॲमेझॉनवर विकतचे अभिप्राय लिहवून घेतल्याचा आरोप होता. आपल्याकडे भारतीय मानक ब्युरोने ऑनलाइन अभिप्रायांसाठी २०२२ मध्ये आयएस १९००० हे मानक आणले, पण ते ऐच्छिक ठेवले गेले. ते सक्तीचे व्हायला हवे, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण गार्सिनियायुक्त गोळ्यांनंतर यकृताला गंभीर इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत आणि पाच ताऱ्यांच्या गर्दीत त्या कोणाला दिसत नाहीत.

काकूंना मी डबीची मागची बाजू दाखवली. ‘औषधी वापरासाठी नाही’ ही कायद्याने छापावी लागणारी सूचना तिथे बारीक इंग्रजी अक्षरांत होती. ती दोनदा वाचून त्यांनी मोबाइल पुढे केला आणि विचारले, “दिलेले तारे परत कसे काढायचे?”