सर्व्हर बरोबर पाच सेकंदच का अडतो?

फोंड्याला आमच्या ऑफिसात एक जुना डेबियनचा (लिनक्सचाच एक प्रकार) सर्व्हर आहे, बिलिंग त्याच्यावरच चालतं. पावसाळ्याच्या तोंडावर आम्ही इंटरनेट कंपनी बदलली आणि तेव्हापासून मेल पाठवा नाहीतर अपडेट घ्या, सर्व्हर आधी गप्प बसायचा आणि मग एकदम धावायचा. लाईन फास्ट, मेमरी मोकळी. शेवटी मोबाईलवर स्टॉपवॉच लावून बघितलं तर दरवेळी पाच सेकंद! लाईन खराब असती तर कधी दोन लागले असते कधी आठ, असा ठरीव आकडा आला म्हणजे तो कुठल्यातरी प्रोग्राममध्ये लिहिलेला असणार.

आणि तो खरंच लिहिलेला आहे. सर्व्हरला वेबसाईटचं नाव कळत नाही, त्याला आयपी नंबर लागतो, आणि तो कुणाला विचारायचा हे रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ नावाच्या चार ओळींच्या फाईलीत असतं. ज्याला विचारायचं तो रिझॉल्व्हर. म्हापशाच्या स्टँडवर उतरून कुणाचं घर शोधायचं तर आधी गाव विचारतो, गावात वाडा विचारतो, आणि वाड्यावर पदेराला, म्हणजे पाववाल्याला, विचारलं की तो थेट दारात नेऊन सोडतो, तसंच रिझॉल्व्हर आधी रूट सर्व्हरना विचारतो (त्यांची नावं जगात फक्त 13), ते डॉट इन किंवा डॉट कॉम कोण सांभाळतं ते सांगतात, तिथून त्या साईटच्या स्वतःच्या नेमसर्व्हरकडे, आणि तो आयपी नंबर देतो. मिळालेलं उत्तर ठरावीक वेळ लक्षात ठेवतो, म्हणून पुढच्याला लगेच मिळतं. 1983 साली पॉल मोकापेट्रिसनी ही रचना, म्हणजे डीएनएस, मांडली, त्याआधी सगळ्या नेटवर्कची नावं एकाच फाईलीत असायची आणि ती सगळ्यांनी उतरवून घ्यायची, विचार करा!

आमच्या फाईलीत पहिला नंबर जुन्या कंपनीच्या रिझॉल्व्हरचा राहिलेला. तो आता आम्हाला ओळखत नाही, नाही सुद्धा म्हणत नाही, नुसता गप्प. लिनक्स 5 सेकंद वाट बघतं, मग दुसऱ्या नंबरला विचारतं, आणि पुढच्या वेळी परत पहिल्यापासून सुरू, मागचा अनुभव काही लक्षात ठेवत नाही.

ती ओळ काढली, नवीन कंपनीचा रिझॉल्व्हर वर, खाली 9.9.9.9 (क्वाड9 चा, सगळ्यांना खुला रिझॉल्व्हर), आणि ऑप्शन्सच्या ओळीत टाईमआउट 1, म्हणजे एकच सेकंद वाट बघायची. नंबर जास्तीत जास्त तीन ठेवा, चौथा वाचलाच जात नाही. उबुंटू या दुसऱ्या लिनक्सवर मात्र ही फाईल हाताने बदलू नका, तिथे 127.0.0.53 दिसेल, म्हणजे मधे सिस्टमडी-रिझॉल्व्हड नावाचा प्रोग्राम बसलाय आणि तुमचे बदल तो पुसून टाकू शकतो, खरे नंबर नेटप्लॅनमध्ये (उबुंटूच्या नेटवर्क सेटिंगमध्ये) द्यायचे.

मला स्वतःला ऑफिसातच अनबाउंड नावाचा स्वतःचा रिझॉल्व्हर बसवणं जास्त आवडतं, उत्तरं घरातच साठतात. फक्त तो आपल्याच नेटवर्कला उत्तर देईल असं बघा, कारण सगळ्या जगाला उघडा ठेवला तर कुणीतरी दुसऱ्याच्या आयपीच्या नावाने छोटे छोटे प्रश्न टाकतो आणि तुमचा सर्व्हर मोठमोठी उत्तरं त्या बिचाऱ्यावर ओतत बसतो.