एएनए पॉझिटिव्ह आलं, पुढे काय?

अंधाऱ्या खोलीत तंत्रज्ञ सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून बसलेली असते. काचपट्टीवर हेप-२ नावाच्या मानवी पेशींचा थर. त्यावर रुग्णाचं पातळ केलेलं सीरम (रक्त गोठल्यावर उरणारा द्रव) सोडून धुतलेलं, मग चमकणारा रंग जोडलेली प्रतिपिंडं (अँटिबॉडीज) घातलेली. रुग्णाच्या रक्तात पेशीच्या केंद्रकाला चिकटणारी प्रतिपिंडं असतील तर तिथे हिरवं उजळतं. कधी अख्खं केंद्रक सारखं, कधी रवाळ, तर कधी मोजता येतील असे सुटे ठिपके. ही एएनए, म्हणजे अँटिन्यूक्लियर अँटिबॉडी तपासणी.

प्रतिपिंडं ही जंतूंशी लढायला शरीराने बनवलेली प्रथिनं. जी आपल्याच पेशींवर उलटतात ती स्वप्रतिपिंडं. ल्युपससारख्या, शरीराची संरक्षणयंत्रणा आपल्याच अवयवांवर उलटते अशा आजाराचा माग त्यांच्यावरून काढतात. १९४८ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये डॉक्टर हारग्रेव्ह्स यांना अस्थिमज्जेत दुसऱ्या पेशीचं केंद्रक गिळून बसलेल्या पेशी दिसल्या, तिथून हा शोध सुरू झाला.

पण रिपोर्टवर 'पॉझिटिव्ह' वाचून घरात रडारड होते, ती मला पाहवत नाही. त्या शब्दाशेजारचा आकडा आधी बघा. १:४० म्हणजे सीरम चाळीसपट पातळ केल्यावरही चमक दिसली. एवढी चमक शंभर निरोगी माणसांपैकी तिसेकांमध्ये सापडते. १:१६० ला पाचेकांमध्ये. म्हणजे धडधाकट हजार जणांची तपासणी केली तर पन्नास जण १:१६० ला पॉझिटिव्ह निघतील, आणि त्या हजारात ल्युपसचा रुग्ण एखादाही असेलच असं नाही. नुसता थकवा आहे म्हणून ही तपासणी करणं मला चुकीचं वाटतं. उलट निगेटिव्ह उत्तर फार कामाचं, कारण ल्युपसच्या जवळजवळ सगळ्याच रुग्णांत एएनए पॉझिटिव्ह असतं.

लक्षणं जुळत असतील तर डॉक्टर पुढच्या तपासण्या सांगतात. त्यातली डीएसडीएनए, म्हणजे दुपदरी डीएनए, याविरुद्धच्या प्रतिपिंडांची एक पद्धत मला विलक्षण वाटते. क्रिथिडिया नावाच्या एकपेशीय जीवात केंद्रकाबाहेर डीएनएचा एक गच्च गोळा असतो. तो ठिपका उजळला तर ल्युपसचा संशय बळावतो. हातापायांचे लहान सांधे सुजले असतील तर अँटी-सीसीपी ही ऱ्हुमॅटॉइड संधिवातातली स्वप्रतिपिंडं बघतात.

म्हणून पॉझिटिव्ह रिपोर्ट फेकून द्यायचा का? तसंही नाही. अमेरिकी सैन्याने साठवलेलं जुनं सीरम २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तपासलं गेलं. पुढे ल्युपस झालेल्या १३० जणांपैकी ११५ जणांच्या रक्तात निदानाआधीच, काहींच्या तर नऊ वर्षं आधी, स्वप्रतिपिंडं होती. तेव्हा उन्हात गेल्यावर गालावर चट्टे उठतात का, सकाळी बोटं अर्धा-पाऊण तास आखडलेली राहतात का, तोंड वारंवार येतं का, लघवीला फेस येतो का, हे डॉक्टरांना नीट सांगा. लघवीत प्रथिनं जातात का, ही साधी तपासणीही विचारून करून घ्या. ल्युपस मूत्रपिंडात शिरतो तेव्हा सुरुवातीला दुखत काहीच नाही.