छताखालचा निळा ठिपका

मोठ्या संग्रहालयात किंवा विमानतळावर शिरलं की फोनच्या नकाशावरचा निळा ठिपका भरकटतो. कधी रस्त्यापलीकडे जाऊन बसतो, कधी इमारतीभोवती घिरट्या घालतो. यात फोनचा दोष नाही. जीपीएसचे उपग्रह सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवर फिरतात. त्यांचे संदेश जमिनीपर्यंत पोचेतो इतके क्षीण झालेले असतात की त्यांना अडवायला काँक्रीटचे दोन-तीन स्लॅब पुरतात. जे थोडं आत झिरपतं, ते भिंतींवर आपटत लांबच्या वाटेने येतं. जीपीएस अंतर काढतं ते संदेशाला लागलेल्या वेळेवरून. वाट लांबली की हिशेब चुकलाच.

छताखाली मात्र दुसऱ्या लहरींची रेलचेल असते. वाय-फायचा प्रत्येक राउटर सेकंदाला साधारण दहा वेळा आपली ओळख हवेत सोडत असतो. फोन ती ऐकतो आणि ती किती जोरात आली तेही मोजतो. मग जवळचा राउटर मोठ्याने, लांबचा हळू, एवढ्यावरून अंतर काढता येऊ नये का?

करून बघण्यासारखी गोष्ट आहे. सिग्नलची ताकद आकड्यांत दाखवणारं एखादं ॲप उघडा, राउटरकडे तोंड करून उभे राहा, फोन छातीशी धरा आणि आकडा बघा. समजा तो उणे 55 आहे (मोजमाप डेसिबलचं, शून्यापासून आकडा जितका खाली तितका सिग्नल क्षीण). आता पाय न हलवता, फोन तसाच धरून पाठ फिरवा. आकडा बहुतेक वेळा लगेच खाली येतो. तुम्ही राउटरपासून लांब गेला नाहीत, मध्ये फक्त तुमचं शरीर आलं. शरीरात पाणी भरपूर आणि 2.4 गिगाहर्ट्‌झच्या लहरी पाणी शोषून घेतं. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की सिग्नल 6 डेसिबलने उतरतो. तेवढाच फरक नुसतं वळण्याने पडला, तर ‘हा माणूस दुप्पट लांब गेला’ असा फोनचा समज होणार. शिवाय या लहरींची लांबी अवघी साडेबारा सेंटिमीटर. भिंतीवरून उलटलेल्या आणि सरळ आलेल्या लहरी कुठे एकमेकींना बळ देतात, कुठे मारून टाकतात. फोन वीतभर सरकवला तरी आकडा बदलतो.

या गोंधळातून निघालेली वाट मला फार आवडते. 2000 साली मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागातल्या परमवीर बहल आणि वेंकट पद्मनाभन यांनी ‘रडार’ नावाची पद्धत मांडली. भिंती सिग्नल बिघडवतात ना, मग प्रत्येक जागी तो नेमका कसा बिघडतो हेच आधी टिपून ठेवायचं. मजल्यावर जागोजागी उभं राहून तीन वायरलेस केंद्रांवरचे सिग्नलचे आकडे नोंदवायचे. तीन आकड्यांची ती जुळणी म्हणजे त्या जागेचा ठसा. पुढे कुणी तिथे आलं की त्याचे आकडे ठशांशी ताडून बघायचे. चूक साधारण दोन ते तीन मीटरवर आली. अंतर मोजताना आड येणारी भिंतच आता पत्ता सांगू लागली!

कष्ट मात्र मोठे. कुणीतरी अख्खी इमारत पायी पालथी घालायची, आणि एखादा राउटर हलला किंवा नवी भिंत उभी राहिली की त्या भागाचे ठसे पुन्हा घ्यायचे. म्हणून अलीकडे वेळेचं मोजमाप परत आलं आहे. अतिरुंद पट्ट्याच्या रेडिओ लहरी, म्हणजे यूडब्ल्यूबी, इतक्या तोकड्या स्पंदनांत धावतात की सरळ आलेलं स्पंदन भिंतीवरून उलटलेल्यापासून वेगळं ओळखता येतं. प्रकाश एका नॅनोसेकंदात 30 सेंटिमीटर जातो, त्यामुळे घड्याळ तेवढं काटेकोर हवं.

इथवर फोन ऐकत होता. इमारतही ऐकू शकते. फोन ओळखीचं वाय-फाय शोधताना स्वतः हाका मारतो आणि पूर्वी त्या प्रत्येक हाकेत त्याचा कायमचा क्रमांक असायचा. लंडनच्या भुयारी रेल्वेने 2016 च्या अखेरीस चार आठवडे 54 स्थानकांवर फोनच्या वाय-फाय नोंदी गोळा केल्या, क्रमांक सांकेतिक करून. किंग्ज क्रॉसहून वॉटर्लूला लोक किमान 18 वेगवेगळ्या वाटांनी जातात, हे त्यातून कळलं. तिकिटावर फक्त आत शिरल्याची आणि बाहेर पडल्याची नोंद असते, मधली वाट नसते. गर्दी कुठे तुंबते हे कळणं मोलाचं आहे, आणि तिथे प्रवाशांना फलक लावून कल्पनाही दिली होती. पण हेच तंत्र न सांगता वापरलं तर तो पाळतीचा प्रकार होतो, असं मला ठाम वाटतं. फोन आता अशा हाकांत बदलते, खोटे क्रमांक देतात. ही सोय ॲपलने 2014 मध्ये आणली, अँड्रॉइडमध्येही पुढे ती रुळली.

तेव्हा जागा शोधतं कोण, फोन की इमारत, हे मला मीटर-सेंटिमीटरपेक्षा महत्त्वाचं वाटतं. चिएको आसाकावा या स्वतः अंध असलेल्या जपानी संगणकशास्त्रज्ञ. आयबीएम आणि कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या त्यांच्या चमूने ‘नॅवकॉग’ हे ॲप घडवलं. इमारतीत छोटे ब्लूटूथ बीकन बसवायचे आणि त्यांनी फक्त आपला क्रमांक पुकारत राहायचं. कोण जवळून गेलं हे बीकनला कळत नाही. ठसे जुळवायचं काम फोन करतो आणि वळण कुठे, दार कुठे, ते कानात सांगतो. डोळस माणसाला तीन मीटरची चूक चालून जाते, समोरची पाटी त्याला दिसतेच. अंध माणसासाठी तीन मीटर म्हणजे शेजारचं दार.