काशाची वाटी आणि तळपायांची आग

मंगळवार पेठेतल्या आमच्या आत्तीचे तळपाय दोन वर्षं रात्री भगभगायचे. पांघरुणाचं टोक लागलेलंही सहन व्हायचं नाही, मग ती उठून गार फरशीवर पाय टेकून बसायची. घरात निदान ठरलेलं होतं, उष्णता! तूप लावून काशाची वाटी घासायची आणि तळवे काळे पडले की ‘बघ, किती निघाली’ म्हणायचं. तो काळेपणा तूप आणि काशाच्या घासण्यातून येतो, शरीरातून नव्हे. पण वाटीनं बरं वाटायचं हे खरं. रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल या संशोधकांनी १९६५ साली त्याचं कारण सुचवलं होतं. नसांमधल्या स्पर्शाच्या जाड तंतूंमधून संदेश जाऊ लागले की वेदनेच्या बारीक तंतूंची वाट मज्जारज्जूतच अडते. ठेच लागल्यावर आपण अंगठा चोळतो तो म्हणूनच. चोळणं थांबलं की वाट मोकळी, आणि आग पुन्हा सुरू.

सुरुवात पायातूनच का होते? कमरेपासून पायाच्या बोटांपर्यंत जाणारा एकेक तंतू जवळजवळ मीटरभर लांब असतो आणि त्याची रसद वरून, पेशीच्या मुख्य भागातून यावी लागते. पाणी कमी पडलं की कालव्याच्या टेलचा, म्हणजे शेवटच्या टोकाचा ऊस आधी वाळतो, तसंच हे. मधुमेहात आधी टोकं जातात. मुंग्या दोन्ही पायांच्या बोटांत येतात आणि मोजा चढवावा तशा वर सरकतात.

म्हणून डॉक्टरांना नुसतं ‘पाय दुखतोय’ सांगू नका. तिसऱ्या-चौथ्या बोटांच्या बुडाशी चपलेत खडा असल्यासारखं टोचत असेल, तर तो मॉर्टन न्यूरोमा, म्हणजे बोटांमधल्या नसेला आलेला जाडपणा असू शकतो. आतल्या घोट्यामागं टिचकी मारल्यावर तळव्यात झिणझिण्या गेल्या, तर नस तिथं दबल्याचा संशय घेतात. एकाच पायात कमरेपासून कळ येत असेल तर मणका बघावा लागतो.

आत्तीला डॉक्टरांनी डोळे मिटायला सांगितले. नायलॉनचा एक जाडसर धागा ते तळव्यावर वाकेपर्यंत टेकवत होते. तो वाकतो तेव्हा १० ग्रॅमचा दाब पडतो. आत्ती गप्पच. थोड्या वेळानं म्हणाली, ‘लावा की वो आता.’ तोवर चार ठिकाणी लावून झालं होतं.

मला धक्का बसला तो तिथं. आग होणारा पाय बधिरही असू शकतो, हे आम्हाला माहीत नव्हतं. चप्पल निसटून मागं राहायची आणि तिला चार पावलांनी कळायचं, ते आम्ही वयावर घातलं होतं.

नसांमधून संदेश किती वेगानं जातो ते बघणारी एनसीव्ही तपासणी जाड तंतूच मोजते. फक्त बारीक तंतू खराब असतील तर रिपोर्ट नॉर्मल येतो. ‘काही नाही, मनाचे खेळ’ असं त्या कागदावरून कुणी म्हणू नये. आत्तीचं रक्त तपासलं तर बी-१२ खूप कमी. मधुमेहावरची मेटफॉर्मिन गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत ते कमी होऊ शकतं.

बी-१२ची इंजेक्शनं झाली, साखर आटोक्यात आणली. नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या इथं फारशा चालत नाहीत, कारण दुखणं सुजेचं नसून नसेचंच असतं. प्रीगॅबालिन, ड्युलोक्सेटिन, अमिट्रिप्टिलिन अशी औषधं थोड्या मात्रेनं सुरू करतात. गुण यायला काही आठवडे जातात, झोप आणि चक्कर येते. शेजारणीची गोळी मागून घेऊ नये ती यासाठी. आग निम्म्यानं उतरली तरी रात्रीची झोप परत मिळते.

आपल्या लवंगी मिरचीतलं कॅप्सेसिनही औषध आहे. ते नसेच्या ज्या दारावर बसतं ते डेव्हिड ज्युलियस यांच्या गटानं १९९७ मध्ये शोधलं आणि ज्युलियस यांना २०२१चं नोबेल मिळालं. ८ टक्के कॅप्सेसिनची पट्टी दवाखान्यात तळपायाला लावतात. त्यानं वेदनेची टोकं काही काळ निकामी होतात. घरची चटणी मात्र पायाला फासू नका, बधिर पायावर जखम व्हायला तेवढं पुरतं. चैत्रात जोतिबाच्या तापलेल्या दगडांवर अनवाणी चालणंही अशा पायांना झेपत नाही.

आत्ती आता रोज रात्री जमिनीवर आरसा ठेवून तळवे बघते. गेल्या महिन्यात रानातून आली त्या रात्री टाचेत बाभळीचा काटा दिसला. कधी रुतला, तिला पत्ताच नव्हता.