बेण्याचा प्रश्न: हळद-आले प्रयोगशाळेत कसे पोहोचले

अक्षय तृतीयेच्या सुमारास हळद लावायची तर एकरी साधारण दहा क्विंटल बेणे, म्हणजे लावणीचे कंद, हाताशी असावे लागते. आल्याचे गणितही जवळपास तेच. आल्याला फुले आली तरी बी धरत नाही. लागवडीची हळद त्रिगुणित, म्हणजे गुणसूत्रांचे तीन संच बाळगणारी. तिला बी क्वचितच धरते. अशा दुर्मीळ बियांच्या रोपांतून केरळात ‘प्रभा’ आणि ‘प्रतिभा’ हे वाण निवडले गेले खरे, पण शेतकऱ्याची सगळी भिस्त जेठ्या (मुख्य) गड्ड्यांवर, बगल (बाजूच्या) गड्ड्यांवर आणि हळकुंडांवरच.

त्यामुळे गेल्या हंगामातल्या कंदात जे शिरले, ते यंदाच्या सरीत उतरते. कंदकूज आणणारी पिथियम बुरशी आणि आल्याला मर लावणारा राल्स्टोनिया जिवाणू, दोघेही बेण्यातून प्रवास करतात. बेणे औषधात बुडवले की वरची बुरशी आटोक्यात येते. आत शिरलेल्या जिवाणूला त्याचे फारसे काही वाटत नाही.

यावरचा उपाय आधी दुसऱ्याच झाडात सापडला. १९५२ मध्ये फ्रान्समध्ये मोरेल आणि मार्टिन यांनी विषाणूग्रस्त डेलियाच्या शेंड्याचा अगदी सूक्ष्म भाग वाढवून निरोगी झाड मिळवले. १९६२ मध्ये मुराशिगे आणि स्कूग यांनी तंबाखूच्या ऊतींसाठी क्षार व जीवनसत्त्वांचे जे मिश्रण बसवले, ते आजही बहुतेक प्रयोगशाळांत वापरले जाते. १९७७ मध्ये होसोकी आणि सागावा यांनी ऊतिसंवर्धनाने, म्हणजे झाडाचा छोटा तुकडा बाटलीतल्या निर्जंतुक अन्नद्रव्यावर वाढवून, आल्याची रोपे केल्याचे प्रसिद्ध केले आणि पुढच्याच वर्षी हळदीचा शोधनिबंध आला, तो थेट पुण्यातून. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या नाडगौडा, मस्कारेन्हास, हेंद्रे आणि जगन्नाथन यांचे ते काम. याच गटाचे नाव जगभर झाले ते १९९० मध्ये, काचनळीतल्या बांबूला फुले आणल्यामुळे. हळदीच्या कामाची आठवण त्यामानाने कमीच निघते. सांगलीच्या बाजारपेठेचा अभिमान बाळगणाऱ्या महाराष्ट्राने ती ठेवायला हवी होती.

पद्धत सांगायला सोपी आहे. कोंब फुटलेल्या गड्ड्याचा डोळा काढायचा, वाहत्या पाण्यात धुवायचा, मर्क्युरिक क्लोराइडच्या सौम्य द्रावणात निर्जंतुक करायचा, बाहेरची पापुद्री सोलून साखर, क्षार आणि सायटोकायनिन (कोंब फुटवणारे संप्रेरक) घातलेल्या अगरवर, म्हणजे जेलीसारख्या थरावर, ठेवायचा. एका कोंबाचे अनेक कोंब होतात. ते सुटे करून पुन्हा नव्या बाटल्यांत. अडचण पहिल्याच पायरीवर येते. कंद मातीतला, त्यामुळे कितीही धुतला तरी बऱ्याचदा आठवड्याभरात बाटलीत जंतूंची पांढरट साय धरते आणि सगळे टाकून द्यावे लागते.

त्यात आणखी एक मेख आहे. ऊतिसंवर्धित रोपाचे कंद पहिल्या हंगामात बारीक राहतात. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये आल्याच्या चाचण्यांत हेच दिसले. नेहमीच्या बेण्याशी बरोबरी व्हायला पुढची पिढी उजाडली. जळगावच्या केळीला ऊतिसंवर्धनाने जे दिवस दाखवले ते हळदीला दिसले नाहीत, याचे मोठे कारण हेच असावे. पहिल्या वर्षी कमी उत्पन्न घेऊन कोण थांबणार?

जतनाच्या कामात मात्र हे तंत्र खरे उपयोगी पडले. वाण शेतात जपायचे तर दरवर्षी काढायचे आणि पुन्हा लावायचे. एका पावसाळ्यात मर लागली की वर्षानुवर्षे जमवलेले नमुने जातात. १९८६ मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्युरोत ऊतिसंवर्धित रोपांचे राष्ट्रीय भांडार सुरू झाले. कोझिकोडच्या भारतीय मसाला पिके संशोधन संस्थेनेही आपल्या शेतातल्या संग्रहाला बाटल्यांतल्या संग्रहाची जोड दिली. इथे हेतू उलटा असतो: रोप मरू द्यायचे नाही, पण वाढूही द्यायचे नाही. बटाट्यासारखे थंडीत ठेवावे तर ही उष्ण प्रदेशातली पिके, थंडी सोसत नाहीत. मग अन्नद्रव्य कमी करणे, वाढ मंदावणारे मॅनिटॉल घालणे, कापसाच्या बोळ्याऐवजी प्लॅस्टिकचे झाकण लावून ओल टिकवणे, असे उपाय निघाले. दिल्लीत खर्च कमी करायला प्रयोगशाळेतल्या शुद्ध साखरेऐवजी बाजारातली साखर आणि अगरऐवजी इसबगोल वापरूनही हळद टिकवून पाहिली गेली. त्यापुढची पायरी म्हणजे द्रव नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांवर शेंडे गोठवणे. आल्यावर तेही करून झाले आहे.

शेतकऱ्यापर्यंत मात्र पोहोचली ती यापेक्षा साधी युक्ती. एका डोळ्याचा छोटा तुकडा कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) भरलेल्या प्रोट्रेमध्ये, म्हणजे खाचांच्या रोपट्रेमध्ये, लावायचा आणि महिना-दीड महिन्याचे रोप शेतात न्यायचे. बेणे निम्म्याहून कमी लागते, सडका तुकडा ट्रेमध्येच ओळखू येतो. आतला जिवाणू याने जात नाही. त्यासाठी मूळ बेणेच स्वच्छ हवे.