गिरगावात आलिशान टॉवर बांधायचाय? सुरुवात भाडेपावतीपासून

ऑक्टोबर २०२५ मध्ये मेट्रो-३ कफ परेडपर्यंत पोचली आणि गिरगाव, काळबादेवीला स्वतःची भुयारी स्टेशनं मिळाली. चौपाटी चालत जाण्याच्या अंतरावर, फोर्ट दोन-चार स्टेशनांवर. महागड्या फ्लॅटला गिऱ्हाईक मिळायला आणखी काय हवं? अडचण एकच, इथे मोकळी जमीन नाही. बहुतेक भूखंडांवर चाळ आहे आणि चाळीत पागडीचे, म्हणजे एकदाच मोठी रक्कम देऊन नाममात्र भाड्याने राहणारे भाडेकरू आहेत. त्यामुळे इथला आलिशान टॉवर म्हणजे बहुधा उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी सरकारी उपकर भरणाऱ्या जुन्या) इमारतीचा पुनर्विकास, आणि त्याचा नियम विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली २०३४ मधला ३३(७).

इमारत कोणत्या गटातली आहे, हे सर्वात आधी तपासा. १ सप्टेंबर १९४० पूर्वीची असेल तर ‘अ’ गट, त्यानंतर १९५० अखेरपर्यंतची ‘ब’, पुढे ३० सप्टेंबर १९६९ पर्यंतची ‘क’. ‘अ’ गटाला भूखंडाच्या ३ पट एफएसआय (म्हणजे भूखंडाच्या किती पट बांधता येतं तो आकडा), किंवा भाडेकरूंच्या पुनर्वसनाला लागणारा एफएसआय आणि त्यावर आणखी ५० टक्के प्रोत्साहनपर, यांतला जो जास्त तो मिळतो. शेजारच्या मालकांना सोबत घेऊन दोन ते पाच भूखंड एकत्र केले तर हेच प्रोत्साहन ६० टक्के होतं. गिरगावातले चिंचोळे भूखंड पाहता शेजाऱ्याशी जुनं भांडण मिटवणं फायद्याचं ठरतं. चार हजार चौरस मीटर जमत असेल तर ३३(९) खालचा समूह पुनर्विकास पाहावा. भेंडीबाजारचं काम त्याच वाटेने चाललं आहे.

अर्ज मालक करू शकतो, भाडेकरूंची सहकारी संस्था करू शकते किंवा मालकाकडून विकासहक्क घेतलेला बिल्डर. हा अर्ज जातो म्हाडाच्या मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाकडे, ना हरकत प्रमाणपत्रासाठी. सोबत मिळकत पत्रिका, सिटी सर्व्हेचा नकाशा, मालकीचे दस्त, पालिकेचे इन्स्पेक्शन एक्स्ट्रॅक्ट (घरपट्टीच्या नोंदींचा उतारा), आर्किटेक्टचा आराखडा आणि किमान ५१ टक्के भाडेकरूंची लेखी संमती लागते. संमती एकदा दिली की मागे घेता येत नाही, म्हणून कोणीही सही सहजासहजी करत नाही. त्यात गैर काहीच नाही.

खरा वेळ जातो तो भाडेकरूंच्या यादीत. १३ जून १९९६ नंतर निर्माण झालेली भाडेदारी पुनर्वसनात धरली जात नाही, म्हणून प्रत्येक खोलीसाठी त्याआधीचा पुरावा शोधावा लागतो: भाडेपावती, वीजबिल, जुनी शिधापत्रिका. पावती आजोबांच्या नावावर आणि राहतात तिघे नातू, हा प्रकार दर मजल्यावर भेटेल. वारसांचा वाद सुटेपर्यंत थांबू नका. खोली पात्र आहे एवढं सिद्ध करा, नाव नंतर ठरू द्या. प्रत्येक पात्र निवासी भाडेकरूला किमान ३०० चौरस फूट चटई क्षेत्र द्यावंच लागतं, मग त्याची जुनी खोली १२० फुटांची का असेना. विक्रीला किती मजले उरतात, हे या यादीवर ठरतं. ती पक्की होण्याआधी छापलेलं ब्रोशर म्हणजे निव्वळ कल्पनाचित्र.

म्हाडाचं पत्र हाती आलं की पालिकेचा इमारत प्रस्ताव विभाग. तिथे आयओडी मिळते. तिचं पूर्ण नाव ‘इंटिमेशन ऑफ डिसअप्रूव्हल’, म्हणजे चक्क नामंजुरीची सूचना! घाबरू नका, अटींसह मिळालेली परवानगी तीच. अटी पुऱ्या केल्या की सीसी, म्हणजे काम सुरू करण्याचा दाखला. मधल्या काळात अग्निशमन दल, उंचीसाठी विमानतळ प्राधिकरण, बोगदा जवळून जात असेल तर मेट्रोचं महामंडळ, आणि भूखंड वारसा परिसरात असेल तर वारसा समिती, असे फेरे होतात. गल्लीची रुंदी मात्र पहिल्याच दिवशी टेपने मोजा. अग्निशमनचा बंब आत वळत नसेल तर चाळिसाव्या मजल्यावरचा जलतरण तलाव कागदावरच राहील.

फ्लॅट आठपेक्षा जास्त असतील आणि भूखंडही ५०० चौरस मीटरहून मोठा असेल तर महारेराची (राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाची) नोंदणी झाल्याशिवाय जाहिरातही करता येत नाही. ग्राहकांच्या पैशांपैकी ७० टक्के रक्कम वेगळ्या खात्यात ठेवावी लागते, आणि ती त्याच प्रकल्पाची जमीन व बांधकाम यांवरच खर्च करता येते. भाडेकरूंचं संक्रमण काळातलं भाडं किती वर्षं पुरवावं लागेल, याचा हिशेब आधीच मांडून ठेवा. विक्रीच्या इमारतीला ओसी, म्हणजे राहायला जाण्याचा दाखला मागायला जाल तेव्हा पहिला प्रश्न चाळकऱ्यांना चाव्या मिळाल्या का, हाच असतो.